युरिन ड्रग टेस्टवर 'डायल्युट' शेरा आला तर काय समजायचं? आणि सँपलमध्ये काही मिसळलं तर रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

तुमचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच बोटीवर नोकरीला चाललाय, तपासणीत लघवीच्या ड्रग टेस्टवर 'डायल्युट' आलं आणि पुन्हा सँपल द्यायला बोलावलंय. त्यात त्याचा मित्र म्हणतो, 'थोडं काहीतरी टाकलं की मशीन गंडतं.' तसं असेल तर या टेस्टला अर्थ काय, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीत सतरा वर्षं लॅब टेक्निशियन आहे. गणपती आटोपले की बोटीवर जाणाऱ्या पोरांची आमच्याकडे रांग लागते, त्यामुळे हा प्रश्न नवा नाही.

आधी भावाचं. डायल्युट म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे आणि चोरी पकडली असंही नव्हे. लघवी पातळ होती, एवढंच. आम्ही क्रिएटिनिन आणि विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी पाण्याच्या तुलनेत किती जड ते, बघतो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होऊन लघवीत उतरतं. ते दर डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि गुरुत्वही १.००३० च्या खाली असेल तर सँपल पातळ. क्रिएटिनिन २ च्याही खाली गेलं आणि गुरुत्वही पाण्याच्या आसपास असलं, तर ते माणसाच्या लघवीशी जुळत नाही, सँपल बदललेलं धरतात. हे आकडे अमेरिकेच्या सरकारी नियमांतले, आम्ही तेच धरतो. या दोन टोकांच्या मधे प्रामाणिक माणसं भरपूर सापडतात. सकाळपासून 'लघवी होईल ना?' या धास्तीने दोन-तीन लिटर पाणी प्यायलेली, वर बाहेरच्या गाड्यावरचं शहाळं संपवून आलेली. अंगाने किरकोळ पोरगा असेल, मांसमच्छी फारसं खात नसेल, तर क्रिएटिनिन मुळातच कमी. ब्लडप्रेशरची लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचंही तसंच.

पण कंपनी पुन्हा बोलावते ते उगाच नाही. पातळ सँपलमध्ये निगेटिव्ह आलं, तर ड्रग नव्हतं की पाण्यात विरून रेषेखाली गेलं, हे सांगता येत नाही. प्रत्येक ड्रगला एक रेषा ठरलेली असते, तिच्याखाली ते असलं तरी रिपोर्ट निगेटिव्ह. गांजाच्या पहिल्या चाचणीत ती दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम. थोडक्यात, पातळ सँपलने निगेटिव्ह कमजोर होतं. त्यातूनही पॉझिटिव्ह आलं, तर ते मात्र पातळपणामुळे कमजोर होत नाही.

आता मित्राचा सल्ला. त्यातला खरा भाग असा की पहिली चाचणी अँटीबॉडीवर चालते आणि अँटीबॉडी म्हणजे ड्रग ओळखणारं प्रथिन, नाजूक वस्तू. सँपलचा आम्लपणा बिघडला, तीव्र रसायन पडलं, तर ती नीट काम करत नाही. मशीनवर निकाल मग कुठल्याही बाजूला झुकू शकतो. पण तो साधा कप घ्या, ज्याच्या पट्टीवर रेघ उमटली की निगेटिव्ह. तिथे गंमत उलटी आहे. रेघ उमटायला अँटीबॉडी शाबूत लागते. ती मारून टाकली तर रेघच येत नाही, म्हणजे दिसायला पॉझिटिव्ह! शिवाय कंट्रोलची रेघ, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी, गायब झाली की टेस्ट बाद. असा एक पोरगा मी पाहिलाय, काय टाकलं होतं देव जाणे, सगळ्याच रेघा गेल्या होत्या. मग त्याच्याकडून दुसरं सँपल आमच्या माणसासमोर घेतलं. ते स्वच्छ निघालं. अहो, त्याने नशा केलीच नव्हती, भीतीने हे उपद्व्याप!

चांगल्या लॅबमध्ये 'ड्रग आहे का' याच्या आधी 'ही ताजी लघवी आहे का' हे तपासतात. सँपल दिल्यापासून चार मिनिटांत तापमान, ते साधारण ३२ ते ३८ अंश हवं. मग क्रिएटिनिन, गुरुत्व, पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आणि भेसळीत सापडणारी नायट्राइट, ऑक्सिडंट ही रसायनं. पीएच ४ च्या खाली किंवा ११ च्या वर शरीरातून येत नाही. भेसळ ठरली तर रिपोर्टवर निगेटिव्ह लिहीत नाहीत, 'अडल्टरेटेड' लिहितात, आणि तसा शेरा म्हणजे टेस्टला नकार दिल्यासारखाच धरला जातो. मित्राला हे नक्की सांगा.

पण हीच तपासणी निर्दोष माणसालाही कधी अडकवते, आणि आपल्या हवेत जास्त. लघवी उकाड्यात पडून राहिली की जंतू तिच्यातला युरिया फोडतात, अमोनिया होतो, पीएच चढतो. मे महिन्यात एकदा मुंबईला पाठवायचं सँपल लांब पल्ल्याच्या प्रवासात अडकलं, बर्फाचं पाणी झालं, आणि तिकडून पीएच ९.२ म्हणून 'इनव्हॅलिड', म्हणजे निकाल ग्राह्य नाही, असा शेरा आला. दोष सँपल देणाऱ्याचा नव्हता. ९ ते ९.५ इतका पीएच नुसत्या उकाड्याने आणि उशिराने येऊ शकतो, भेसळ असायलाच हवी असं नाही. म्हणून फक्त शेरा वाचू नका, आकडा मागा. नायट्राइटचंही तेच. लघवीत जंतुसंसर्ग असला तर थोडं नायट्राइट दिसतंच, भेसळीचं मात्र दर मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅमच्या वर जातं.

पॉझिटिव्ह आलं तर तिथेच थांबायचं नसतं. गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटर वापरून खात्री करतात. तिथे अँटीबॉडीच नसते, रेणूच ओळखला जातो. नियमाने काम करणारे सँपलचे दोन भाग करून सील करतात, दुसरा भाग वादासाठी राखतात. पहिल्या कपावरच कोणाची नोकरी जात असेल तर ते चुकीचं आहे, आणि तसं मी आमच्या डॉक्टरांनाही तोंडावर सांगितलंय.

आपल्याकडच्या दोन गोष्टी. दिवाळीच्या अनारशांवरची खसखस अफूच्या झाडाचीच, तिच्यातून लघवीत मॉर्फिन येऊ शकतं. त्यामुळेच अमेरिकेने १९९८ साली अफूची रेषा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. पण आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कपांवर अजून ३०० च छापलेलं असतं. कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचंही तसंच. दुसरी, शिमग्याची भांग. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजाच्या व्याख्येत नुसती पानं येत नाहीत, म्हणून पोरांना ती निरुपद्रवी वाटते. कपाला कायदा कळत नाही. एखाद्या दिवशी घेतली तर तीन-चार दिवस, रोजची असेल तर कित्येक आठवडे दिसते.

भावाला सांगा, फेरचाचणीला सकाळी लवकर जा, नेहमीइतकंच पाणी पी, चालू औषधांची चिठ्ठी बरोबर ठेव आणि सील स्वतःच्या डोळ्यांदेखत लावून घे. त्याच्या पहिल्या रिपोर्टवरचं क्रिएटिनिन आणि गुरुत्व मिळालं तर इथे लिहा, दोन्ही आकडे लागतील. क्रिएटिनिन १५-१६ च्या आसपास असेल तर मी तरी शहाळ्यावरच बोट ठेवीन.