आधी महिना ठरवा, मग बोट

प्रश्न : ताई, एप्रिलच्या मध्याला आम्ही दोघे कॅलिफोर्नियात सॅन होजेला मुलाकडे जातोय, परत सप्टेंबरअखेर. ह्यांना देवमासा पाहायचाच आहे. मुलाने तीन पर्याय काढलेत : मॉन्टेरेहून तीन-चार तासांची मोठी बोट, तिथलीच छोटी रबरी बोट, नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरालॉन बेटांची लांबची सफर. मेमध्येच उरकून टाकू म्हणतो. ह्यांचे गुडघे दुखतात आणि मला बोट लागते. हर्णैला डॉल्फिन बघायला गेलो तेव्हा अर्धा वेळ मी डोके धरून बसले होते. कोणती बोट घ्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्ही चांगले पाच महिने तिथे आहात, मग मेमध्ये ‘उरकायची’ घाई कशाला? मुलाला सांगा, बोटीचे नंतर बघू, आधी महिना ठरव. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात राहते. येणारा प्रत्येक पाहुणा मॉन्टेरेला न्यावा लागतो, त्यामुळे ह्या विषयावर माझी मते जरा ठाम आहेत.

तिथल्या समुद्रात बाराही महिने काही ना काही दिसते, पण तेच ते दिसत नाही. ग्रे व्हेल हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्यावरच्या खाड्यांत पिल्ले घालतात आणि वसंतात आर्क्टिककडे परततात. पिल्लेवाल्या आया सगळ्यात शेवटी निघतात आणि एप्रिल-मेमध्ये मॉन्टेरेवरून जातात. एरवी त्या किनारा धरून पोहतात. इथे मात्र समुद्रतळाची प्रचंड घळ थेट मॉस लँडिंगच्या बंदरापर्यंत आत आलेली आहे. पुढे ती सुमारे ३,६०० मीटर खोल जाते, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी बुडतील. ह्या खोल पाण्यात ओर्कांच्या, म्हणजे काळ्या-पांढऱ्या शिकारी ‘किलर व्हेल’च्या टोळ्या पिल्लांसाठी टपलेल्या असतात. आई पिल्लाला पाठीवर उचलून धरते, ओर्का धडका देत राहतात, आणि हे तासन्‌तास चालू शकते. कॅमेरेवाल्यांसाठी ती पर्वणी. मला बघवत नाही. नातवंडे बरोबर असतील तर मेची तिकिटे काढण्याआधी ह्याचा विचार करा.

वसंतात वायव्येचा वारा सुटतो तो वेगळाच. तो वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याच्या जागी तळातले थंड, खतावलेले पाणी वर येते. त्यावर वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर कोळंबीसारखे इवलेसे क्रिल, आणि क्रिलसाठी जुलैपासून ब्लू व्हेल येतात. थोडक्यात, मेमध्ये ज्या वाऱ्याने तुम्हाला उलट्या होणार, त्याच वाऱ्यावर उन्हाळ्यातली पंगत बसते! ब्लू व्हेलची खात्री कोणी देऊ नये, काही वर्षी ते तोंडही दाखवत नाहीत. हंपबॅक जातीचे देवमासे मात्र एप्रिल ते नोव्हेंबर असतात आणि उड्या मारण्यात, शेपूट दाखवण्यात तेच पटाईत. जुलै-ऑगस्टमध्ये धुके फार. म्हणून माझे मत सप्टेंबर, कामाचा वार आणि सकाळची पहिली फेरी. दुपारी वारा चढतो.

आता बोट. फॅरालॉन बेटे गोल्डन गेटपासून ४० किलोमीटरहून जास्त आत, भर समुद्रात आहेत. तुमच्यासाठी सपशेल नको. रबरी बोटीत पाण्याच्या अगदी जवळ बसता येते, पण ती आपटत जाते आणि बहुधा शौचालयही नसते. गुडघ्यांना ती नकोच. राहिली मोठी बोट. फोन करून विचारा की ओहोटीला धक्क्यावरून बोटीत उतरायचा उतार किती तीव्र होतो. धक्का तरंगता असतो, त्यामुळे तोच उतार भरतीला सोपा आणि ओहोटीला घसरगुंडी होतो. बोटीवर निसर्ग-अभ्यासक असतो का, हेही विचारा. नसेल तर ती नुसती जलविहाराची बोट. ‘दिसण्याची हमी’ म्हणजे सहसा पैसे परत नव्हे, दुसऱ्या फेरीचे तिकीट, आणि परतीचे विमान जवळ आले असेल तर ते निरुपयोगी. तेव्हा महिन्याची अखेर गाठू नका. देवमाशापासून सुमारे ९० मीटर लांब राहावे असा तिथला दंडक आहे. तो न पाळण्याची बढाई मारणारी बोट टाळा. डॉल्फिनच्या मागे इंजिन ताणत होड्या पळवायची आपली तऱ्हा हर्णैलाच राहू द्या.

बोट लागण्याची गोळी बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर न्या. रिकाम्या पोटी जाऊ नका, पण मिसळ खाऊनही नको. कोरडा टोस्ट आणि खिशात आलेपाक पुरे. सगळे पुढच्या टोकाला धावतात, तिथेच बोट सर्वाधिक उसळते. तुम्ही खालच्या डेकवर मागच्या बाजूला, कठडा धरून क्षितिजाकडे बघत उभ्या राहा. केबिनमध्ये जाऊन मोबाइल पाहत बसलात तर गेलात. सॅन होजेला पंखा लावून झोपत असाल तरी कानटोपी न्या, कोणी हसले तर हसू दे. दुर्बीण सात किंवा आठ पटींची हवी, त्याहून मोठी डोलत्या बोटीवर स्थिर राहत नाही.

खलाशी ‘दोन वाजता!’ ओरडला तर घड्याळ पाहू नका. बोटीचे नाक म्हणजे बारा, त्याच्या उजवीकडे दोन. आधी वाफेचे फवारे दिसतील. वारा तुमच्याकडे असला तर देवमाशाच्या श्वासाला सडक्या मासळीचा वास येतो, हेही ऐकून ठेवा. हंपबॅकने शेपूट वर करून बुडी घेतली की पाच-दहा मिनिटे निवांत उभे राहायचे.

प्रश्न : आम्ही डिसेंबर ते फेब्रुवारी सॅन दिएगोला सुनेकडे आहोत. सासरे बोटीत पाऊल ठेवणार नाहीत. किनाऱ्यावरून काही दिसते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिसते. तुमचे दिवस नेमके ग्रे व्हेल दक्षिणेला जाण्याचे आहेत. पॉइंट लोमा ह्या भूशिराच्या टोकावर काब्रियो राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे उंचावरून पाहण्यासाठी जागाच केली आहे. जानेवारीचा मध्य उत्तम. गाडीमागे प्रवेश शुल्क पडते. सकाळी जा, दुर्बीण न्या, आणि मामंजींसाठी घडीची खुर्ची.