ज्वारी काढल्यावर माती उडते, काय करावे?

प्रश्न (शिरूर तालुका): चार एकर हलकी, मुरमाड जमीन आहे. ज्वारी निघाली की धसकटे पेटवून मार्चमध्ये रोटाव्हेटर मारतो. एप्रिल-मेच्या वाऱ्यात माती उडून शेजारच्या बांधाला साठते. पाऊस कमी झाल्याने हे होते का?

उत्तर: पाऊस हटला की माती कोरडी होते, पण उडते ती उघडी आणि पीठ झालेली असली तरच. अमेरिकेत कॅन्सस, ओक्लाहोमाकडे हेच झाले. तिथले मूळचे गवत मोडून लाखो एकर रान गव्हाखाली आणले होते. 1931 पासून पाऊस हुकला, गहू उगवला नाही आणि गवताच्या मुळ्यांनी धरलेली माती मोकळी सुटली. 14 एप्रिल 1935 च्या वादळात दिवसाढवळ्या अंधार पडला. दुष्काळ त्या भागाला नवे नव्हते. गवत होते तोवर माती जागेवर राहिली.

आपल्या पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. 1876-78 आणि 1972 चे दुष्काळ इथे सर्वांना ठाऊक आहेत. कालव्याचे पाणी पोहोचत नाही अशा रानासाठी पुण्याजवळ मांजरीला 1923 मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, ते याच गरजेतून.

वारा माती नेतो कशी, हे कळले की उपाय आपोआप सुचतो. बारीक वाळूएवढे कण जमिनीलगत, बहुतेक हातभर उंचीच्या आत, उड्या मारत जातात. पडताना ते आणखी बारीक माती उखडतात आणि ती धूळ होऊन वर जाते. सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये याच धुळीत जास्त असतात. म्हणून शेतात राहते ती भरड माती, आणि पुढच्या हंगामात पीक पिवळे पडते.

तेव्हा धसकटे पेटवू नका. ज्वारी उपटून न काढता विळ्याने कापा, वीतभर बुडखे उभे राहू द्या. कोरड्या मुरमाड रानात मार्चमध्ये रोटाव्हेटर नकोच. नांगरट करायचीच असेल तर काढणीनंतर लगेच, थोडी ओल असताना करा. तेव्हा ढेकळे निघतात. ती तशीच राहू द्या. कुळवाची पाळी वळवाचा पाऊस झाल्यावरच. तास उताराला आडवे घ्या. आपल्याकडे माती वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त वाहते, म्हणून वाऱ्याची दिशा दुसऱ्या क्रमांकावर. शेणखत हेक्टरी 5 टन, तेही पावसाच्या तोंडावर पसरून लगेच मातीत मिसळा. उन्हाळ्यात पसरलेले सुकून वाऱ्यावर जाते.

पश्चिमेच्या बांधावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) दोन ओळी लावा. अंगठ्याएवढ्या जाडीची, मीटरभर लांबीची फाटी जून-जुलैत चांगला पाऊस झाल्यावर अर्ध्या मीटरवर रोवा. झाडांच्या उंचीच्या दहा-पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो, म्हणजे तीन मीटर उंचीला तीस ते पंचेचाळीस मीटर. चार एकराला एक बांध पुरत नाही, मधल्या बांधावरही ओळ हवी. कुंपण भिंतीसारखे गच्च होऊ देऊ नका; अडलेला वारा वरून येऊन मागे भोवरे करतो आणि तिथलीच माती उचलतो. पाला छाटून रानात टाकला की तो आच्छादनही होतो आणि हिरवळीचे खतही.