वडिलांची सायकल दुसऱ्याच्या सोप्याला टेकलेली दिसली. आता ती परत कशी मागायची?

बेळगावातल्या अनगोळच्या एका वाचकांनी चार पानी पत्र पाठवलं आहे. ते थोडक्यात असं. ते शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतात. रोज पहाटे सायकलने शहरात यायचं, बाजारातल्या स्टँडवर ती लावायची आणि वेंगुर्ला रोडची बस पकडायची, हा त्यांचा पंधरा वर्षांचा नेम. सायकल वडिलांची, काळी ॲटलस. श्रावणात एका संध्याकाळी ती स्टँडवर नव्हती. स्टँडवाल्याने महिन्याच्या पासामागची ओळ दाखवली : ‘वाहन स्वतःच्या जबाबदारीवर लावावे.’ पोलीस ठाण्यात बिल मागितलं आणि किंमत विचारली. यांनी ‘असेल दीड हजाराची’ असं सांगितल्यावर ‘सायकल हरवली’ अशी नोंद करून एक कन्नड कागद हातात दिला. महिनाभर पायपीट केल्यावर त्यांनी भंगारवाल्याकडून बावीसशेला दुसरी जुनी सायकल घेतली, बिलाशिवाय. आणि दिवाळीनंतर शिनोळीजवळच्या एका गावात, एका घराच्या सोप्याला टेकवलेली आपली ॲटलस त्यांना दिसली. तिला हिरवा रंग मारलेला होता. त्या घरातला मुलगा तिच्यावरून हायस्कूलला जातो. त्याच्या वडिलांनी ती आठवडी बाजारात अठराशेला घेतली म्हणे.

‘ती माझीच आहे,’ असं ते लिहितात. ‘मागच्या चाकाकडे जाणारी डावीकडची नळी एकदा तुटली होती. वडिलांनी ती स्वतः पितळेने झाळली. हिरव्या रंगाखाली तो फुगवटा अजून बोटाला लागतो. त्या माणसाच्या देखत मी हात लावून बघितलं. त्याला काही बोललो नाही. घरी येऊन जेवण गेलं नाही.’

त्यांचे प्रश्न असे : जाऊन सायकल उचलून आणू का? दुसरी घेतली म्हणजे पहिलीवरचा हक्क सोडला असं होतं का? गल्लीतला एकजण म्हणतोय, हजार रुपये द्या, आणून देतो. त्याला द्यावेत का? आणि शिनोळी पडली महाराष्ट्रात, तर तक्रार करायची कुठे?

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सायकल तुमचीच आहे आणि आजही तुम्हीच तिचे मालक आहात, हे आधी मनात पक्कं करा. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढी मालकी असते तेवढीच घेणाऱ्याकडे जाते. चोराकडे मालकी नव्हतीच, म्हणून बाजारात ज्याने विकली त्याच्याकडेही ती आली नाही आणि अठराशे रुपये मोजणाऱ्या त्या गृहस्थांकडेही नाही. मध्ये कितीही हात बदलले आणि कितीही रंग चढले तरी यात फरक पडत नाही. तुम्ही दुसरी सायकल घेतली ती कामावर वेळेत पोचायला. गरजेपोटी केलेल्या खरेदीने जुन्या वस्तूवरचा हक्क सुटत नाही, त्यामुळे ही चिंता सोडा.

पण उचलून आणू नका. आपलीच वस्तू आहे या प्रामाणिक समजुतीने ती घेतली तर ती चोरी ठरत नाही, हे खरं. तरीही दुसऱ्याच्या अंगणात शिरून सायकल काढली की बोलाचाली होईल, हातघाई होईल, गाव गोळा होईल आणि फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. शिवाय सायकल त्या घरात पोलिसांना पंचांसमोर मिळणं हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुम्हीच ती आणलीत तर तो पुसला जाईल.

हजार रुपये मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. चोरीचा माल परत मिळवून देतो म्हणून पैसे घ्यायचे आणि चोराला पकडून द्यायला हातभार लावायचा नाही, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २५२ खाली गुन्हा आहे. तो माणूस इतक्या खात्रीने बोलतोय, याची पोलिसांना माहिती द्या.

आता ठाण्यात काय झालं ते बघू, कारण तुमचं प्रकरण तिथेच अडलं आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यातले दोन इथे लागतात : गुन्हे आणि शिक्षा सांगणारी भारतीय न्याय संहिता, आणि तपास व खटल्याची पद्धत सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. चोरीचं कलम आता न्याय संहितेचं ३०३. त्यात एक नवी तरतूद आली आहे : माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. आरोपीच्या बाजूने ही तरतूद दयाळू आहे आणि मला ती पटते. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५,००० च्या आतली ही चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तुमच्या तोंडून ‘दीड हजार’ निघाले आणि दार अर्धं बंद झालं. गरिबाची सायकल ५,००० च्या आतलीच असते आणि त्याची रोजची भाकरी तिच्यावर अवलंबून असते. हा आकडा ठरवताना तिचा विचार व्हायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

तरीही हे दार उघडता येतं. त्यासाठी किंमत फुगवून सांगू नका. खोटा आकडा पुढे तुमच्यावरच उलटेल. दुसरा, सरळ रस्ता आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना, जो तो बेइमानीने घेतो किंवा ठेवतो, त्याला न्याय संहितेचं कलम ३१७ लागू होतं. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि त्याला ५,००० ची अट नाही. तुमच्या सायकलीला कुणीतरी घाईने हिरवा रंग मारून ती बाजारात विकली. हा कुणीतरी चोर असेल किंवा चोराकडून घेणारा. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे, प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं. तेव्हा नव्या तक्रारीत रंग बदलल्याचा आणि बाजारातल्या विक्रीचा तपशील ठळकपणे घाला. स्टँड पत्र्याच्या शेडमध्ये, कुलूपबंद जागेत असेल तर तेही लिहा. मालमत्ता सांभाळण्यासाठी वापरलेल्या इमारतीतली चोरी न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते आणि तीही दखलपात्र आहे. रस्त्याकडेला दोरी बांधून केलेला स्टँड असेल तर मात्र हे कलम ओढून आणू नका.

‘हरवली’ हा शब्द मागे घ्या. हरवलेल्या वस्तूची नोंद म्हणजे गुन्ह्याची फिर्याद नव्हे. तिच्यावर तपास होत नाही. ‘स्टँडवर कुलूप लावून ठेवलेली सायकल चोरीला गेली’ असं लेखी द्या. आणि बिल नाही म्हणून परत फिरू नका. चोरीच्या व्याख्येत शब्द आहे ताबा. सायकल तुमच्या ताब्यातून, तुमच्या संमतीशिवाय गेली, एवढं पुरेसं आहे. वडिलांच्या नावाचं बिल, वारसा दाखला यातलं काहीही फिर्यादीसाठी लागत नाही.

ओळख पटवायला मात्र लागेल आणि इथे तुमच्याकडे बिलापेक्षा भक्कम गोष्टी आहेत. पहिली, फ्रेमवर ठोकलेला नंबर. तो साधारण सीटखालच्या जोडावर किंवा पेडलचा आस ज्या नळीत फिरतो तिच्या खाली असतो. रंगाने तो बुजला तरी जात नाही. तुमच्या एखाद्या जुन्या कागदावर तो आहे का बघा. पूर्वी कित्येक नगरपालिका सायकलवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत. वडिलांच्या ट्रंकेत तसा बिल्ला किंवा पावती पडलेली असू शकते. दुसरी गोष्ट म्हणजे तो झाळ. कारखान्यातून कितीही सायकली निघाल्या तरी त्या जागी, त्या हाताने भरलेलं पितळ एकाच सायकलीवर असणार. तुमच्या गल्लीत वर्षानुवर्षं पंक्चर काढणाऱ्या दुरुस्तीवाल्याचं नाव साक्षीदार म्हणून द्या. चाकं आऊट झाल्यावर ती सरळ करताना ती नळी त्याच्या डोळ्यांसमोरच असते. सायकल जप्त होण्याआधी त्या घरी परत जाऊन रंग खरवडून बघू नका.

भाषेचं म्हणाल, तर तक्रार मराठीत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. राज्यघटनेचं अनुच्छेद ३५० सांगतं की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कुठल्याही अधिकाऱ्याकडे त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत निवेदन देता येतं. बेळगावात मराठी वापरली जाते, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. एफआयआर कन्नडमध्येच लिहिला जाईल आणि त्यावरून वाद घालत बसायचं कारण नाही. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवणं आणि तिची प्रत मोफत देणं, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने पोलिसांवर बंधनकारक केलं आहे. वाचून दाखवताना कन्नड नीट कळणारं घरचं माणूस शेजारी असू द्या आणि अर्थ कळल्याशिवाय सही करू नका. तुमच्या हातातला पहिला कागद न समजता घेतला गेला, त्यातूनच हे महिने गेले.

तक्रार कुठे, याचं उत्तर सोपं आहे. चोरी बेळगावात झाली, म्हणून बेळगावात. त्याच संहितेच्या कलम २०१ प्रमाणे चोरीचा खटला जिथे चोरी झाली तिथेही चालतो आणि चोराने किंवा जाणूनबुजून माल घेणाऱ्याने तो जिथे ठेवला तिथेही. दोन्ही राज्यांत हेच केंद्रीय कायदे लागू आहेत आणि कुठल्याही ठाण्याला ‘आमची हद्द नाही’ म्हणून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. ठाण्याने तरीही घेतली नाही, तर तीच तक्रार रजिस्टर पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा. तिथेही काही झालं नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तुम्ही कारखान्यातले कामगार आहात, त्यामुळे विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे आणि हेल्पलाइन १५१००.

सायकल जप्त झाली की ठाण्याच्या आवारात गंजायला सोडू नका. त्याच आठवड्यात मॅजिस्ट्रेटकडे ताब्यासाठी अर्ज करा. जप्त माल ठाण्यात अडकवून ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून तो हक्कदाराला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलं आहे. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्यासाठी दिवसही ठरवून दिले आहेत. बाँड लिहून द्यावा लागेल. खटला संपेपर्यंत सायकल विकायची नाही, रंग बदलायचा नाही, ही अट असेल. तो हिरवा रंग तोवर सोसा.

त्या मुलाबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंय, ‘पोराची शाळा बुडेल, त्याचं वाईट वाटतं.’ वाटायलाच हवं. भर बाजारात, सरळ भावाने, काही संशय न येता त्याच्या वडिलांनी ती घेतली असेल तर ते गुन्हेगार नाहीत. तक्रारीत त्यांना आरोपी करू नका. ‘सायकल सध्या यांच्याकडे आहे, हे ती बाजारात विकत घेतल्याचं सांगतात’ एवढंच लिहा. विकणाऱ्याकडून अठराशे परत मागण्याचा त्यांना हक्क आहे, आणि तो विकणारा चोरीत किंवा चोरीचा माल घेण्यात दोषी ठरला व अटकेच्या वेळी त्याच्याजवळ पैसे सापडले असतील तर त्याच संहितेच्या कलम ४९९ खाली न्यायालय त्यातून यांची रक्कम देऊ शकतं. ते तुमच्या बाजूने साक्ष द्यायला तयार झाले, तर विकणाऱ्यापर्यंत पोचायला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं कुणी नाही.

पोलिसांकडून काहीच घडलं नाही तर दिवाणी दावा आहे. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ७ आणि ८ खाली पैसे न मागता तीच वस्तू परत मागता येते. पैशातली भरपाई पुरेशी ठरत नसेल तर वस्तूच द्यायला लावता येते, असं कलम ८ म्हणतं. वडिलांच्या हातचा झाळ असलेली सायकल यात बसते, असं मी कुठल्याही न्यायालयात उभं राहून सांगेन. मुदत तीन वर्षांची आहे आणि ती चोरीच्या दिवसापासून धरायची नसते. सायकल कुणाकडे आहे हे तुम्हाला पहिल्यांदा कळलं, त्या दिवसापासून ती मोजायची. ती तारीख डायरीत लिहून ठेवा.

स्टँडवाल्याला सोडू नका. पैसे घेऊन वस्तू सांभाळायला घेतली की करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी लागते. पासामागची ओळ छापून निष्काळजीपणा झाकता येत नाही. एका हॉटेलात गाडी लावून देणाऱ्या नोकराकडे (व्हॅलेकडे) दिलेली गाडी चोरीला गेली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हेच म्हटलं. तुमच्या बाबतीत मुद्दा येईल तो स्टँडच्या बिल्ल्याचा : बिल्ला घेतल्याशिवाय सायकल बाहेर सोडायची नाही अशी तिथे पद्धत होती का, आणि तुमचा बिल्ला अजून तुमच्याच खिशात आहे का? असेल तर तो जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. बसभाडं, दुसऱ्या सायकलीचे बावीसशे आणि झालेला मनस्ताप, तिन्ही मागा.

आणि ती दुसरी सायकल. भंगारवाल्याकडे परत जा आणि साध्या कागदावर पावती मागा : तारीख, रक्कम, फ्रेमचा नंबर, त्याचं नाव आणि सही, शक्य झालं तर त्याने ती कुणाकडून घेतली तेही. नंबर घासलेला असेल किंवा तो पावती द्यायला टाळाटाळ करत असेल, तर ती सायकल वापरू नका. ठाण्यात जाल तेव्हा तिचीही माहिती स्वतःहून लेखी द्या. तीही कुणाची तरी असू शकते, आणि तो माणूसही कुठेतरी चालत कामाला जात असेल.

सोमवारी सुट्टी टाकून जा. पास, बिल्ला, तो कन्नड कागद, वडिलांचा सायकलीसोबतचा एखादा फोटो असेल तर तो, आणि दोन प्रतींत मराठी तक्रार. दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढे काय झालं ते मला कळवा.