राजवाड्याचे बोलावणे आणि नमस्काराचे दोन हात

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून सध्या लीड्स येथे जलव्यवस्थापन या विषयात एम. एस्सी. करीत आहे. शिष्यवृत्तीवर आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात एका संध्याकाळी स्वागतसमारंभ होणार असून त्याचे निमंत्रण मला आले आहे. आईचा आग्रह पैठणीचा आहे, तर घरात सोबत राहणाऱ्या मैत्रिणी साधा पाश्चात्त्य पोशाख सुचवितात. माझे पणजोबा साताऱ्याच्या प्रतिसरकारात होते. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या आजोबांनी, फोनवर एकच प्रश्न विचारला : "त्याच्यापुढे वाकणार आहेस का?" मला उत्तर देता आले नाही. राजापुढे वाकावे लागते का, त्याच्याशी बोलण्याची वेळ आलीच तर काय म्हणावे, आणि आईने पाठविलेले कंदी पेढे भेट म्हणून न्यावेत का?
— एक विद्यार्थिनी, लीड्स

उत्तर : आजोबांचा प्रश्न सर्वांत जड आहे, म्हणून आधी तोच घेऊ. वाकण्याची सक्ती नाही. राजघराण्याच्या कार्यालयानेच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे की, राजाला भेटताना वर्तनाचे कोणतेही बंधनकारक नियम नाहीत. ज्यांना जुनी रीत पाळायची असेल त्यांच्यापैकी पुरुष केवळ मान किंचित झुकवतात, स्त्रिया एक पाय मागे घेऊन गुडघे जरासे लववतात, आणि ज्यांना हे नको असेल ते नेहमीसारखे हस्तांदोलन करतात. कंबरेतून वाकणे तर त्या रीतीतही बसत नाही. आपल्याकडे दरबार म्हटला की डोळ्यांपुढे मुजरा येतो, त्यामुळे हा गैरसमज होणे साहजिक आहे.

तुम्ही नमस्कार केलात तर तो कोणाला खटकेल अशी भीती बाळगू नका. सध्याचे राजे तिसरे चार्ल्स युवराज असताना, मार्च २०२० मध्ये, करोनाच्या साथीच्या तोंडावर लंडनमधील एका कार्यक्रमात सवयीने पुढे केलेला हात मध्येच आवरून पाहुण्यांना हात जोडताना दिसले होते. मात्र एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. अशा समारंभात सर्व जण उभे असतात आणि प्रत्येकाच्या हातात पेला असतो. हस्तांदोलनाला एक हात पुरतो, नमस्काराला दोन लागतात. राजे तुमच्या घोळक्याकडे वळत आहेत असे दिसताच पेला शेजारून जाणाऱ्या तबकात ठेवून द्या. ऐन वेळी तो काखेत धरण्याचा प्रयत्न करणारी माणसे मी पाहिली आहेत. आणि राजांनी स्वतःहून हात पुढे केला तर तो जरूर घ्या, कारण नमस्कार हा पर्याय आहे, बाणा नव्हे.

आजोबांना एक प्रसंग आठवत असेलच. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी, नोव्हेंबर १९३१ मध्ये, पाचव्या जॉर्ज राजांनी परिषदेच्या प्रतिनिधींना याच राजवाड्यात चहाला बोलाविले होते. गांधीजी नेहमीचा पंचा नेसून आणि वर शाल पांघरून गेले. त्या पोशाखाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तेथील संभाषण अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. गांधीजींची राजांशी गाठ घालून देणारे भारतमंत्री सॅम्युएल होर यांनी पुढे आठवणींत नोंदविल्याप्रमाणे, निरोप घेताना राजांनी गांधीजींना बजावले की, आपल्या साम्राज्यावर हल्ले झालेले आपण खपवून घेणार नाही. त्यावर, महाराजांचे आदरातिथ्य स्वीकारल्यावर त्यांच्याच वाड्यात राजकीय वाद घालणे आपल्याला शोभणार नाही, असे सांगून गांधीजींनी तो विषय तेथेच मिटविला. सत्याग्रह त्यांनी सोडला नाही. भारतात परतल्यावर आठवड्याभरात, जानेवारी १९३२ च्या आरंभी, ते पुन्हा तुरुंगात होते. आजोबांना उत्तर द्यायचे असेल तर मला याहून चांगले सुचत नाही.

आता पोशाख. निमंत्रणपत्रिका नीट वाचा, कारण पोशाखाची सूचना तिच्यातच असते. 'लाउंज सूट' असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ पुरुषांसाठी कोट, पँट व टाय. स्त्रियांनी त्या तोलाचा पोशाख करावा आणि आपल्या देशाचा पारंपरिक पोशाखही चालतो. म्हणजे आईचा आग्रह नियमात बसतो. प्रश्न पैठणी सांभाळण्याचा आहे. जरीची जड साडी नेसून भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यावर उभे राहताना निऱ्या हाताने उचलून धराव्या लागतात, हे लंडनमध्ये नव्याने साडी नेसणाऱ्या प्रत्येकीला एकदा तरी कळतेच. पदर पिना लावून पक्का करा, टाचा बेताच्या ठेवा आणि पर्स मनगटात अडकेल एवढीच घ्या. साडीची सवय नसेल तर चांगला सलवार-कमीज तितकाच शोभून दिसेल. संध्याकाळभर पदराकडे लक्ष देत राहण्यापेक्षा ते बरे.

बोलण्याबाबत रीत सोपी आहे. पहिल्यांदा 'युअर मॅजेस्टी' आणि त्यानंतर 'सर'. हा दुसरा शब्द आपल्या जिभेवर शाळेपासून बसलेला असल्याने त्रास पडणार नाही. राणी कॅमिला समोर आल्या तर पहिल्यांदा तेच संबोधन आणि नंतर 'मॅम', ज्याचा उच्चार 'जॅम'सारखा आखूड करतात. आपल्या सवयीचे 'मॅडम' तेवढे टाळा. बोलण्याला सुरुवात त्यांना करू द्यावी आणि आपण होऊन अंगाला हात लावू नये, असा संकेत आहे. अर्थात याच राजवाड्यातील एप्रिल २००९ च्या समारंभात मिशेल ओबामा यांनी राणी एलिझाबेथ यांच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा वृत्तपत्रांनी गहजब केला असला तरी राणींनी स्वतः त्यांच्या कमरेभोवती हात ठेवला होता.

तुमच्या वाट्याला मिनिट-दीड मिनिट येईल, कदाचित तेवढेही नाही. कुठून आलात आणि काय शिकता, हेच बहुधा विचारले जाईल, आणि येथे बहुतेक विद्यार्थी विद्यापीठाचे व अभ्यासक्रमाचे लांबलचक नाव सांगून वेळ संपवतात. तुमच्याकडे त्याहून चांगले सांगण्यासारखे आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. हे दोन वाक्यांत सांगा आणि मग तुमचा विषय काय ते सांगा. पर्यावरणावर १९७० पासून जाहीरपणे बोलत आलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल. वाक्ये पाठ मात्र करू नका. पाठ केलेले बोलणे लगेच ओळखू येते.

पेढ्यांविषयी आईची समजूत काढावी लागेल. चार्ल्स २००३ मध्ये चर्चगेटला मुंबईच्या डबेवाल्यांना भेटले, त्या ओळखीतून २००५ मध्ये विंडसरच्या विवाहाचे निमंत्रण डबेवाल्यांना गेले, आणि त्यांनी वधूसाठी साडी व वरासाठी पगडी नेली. पण ती जुळलेल्या ओळखीची देवघेव होती. शेकडो पाहुण्यांच्या समारंभात भेटवस्तू नेण्याची रीत नाही, आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेत पेढ्यांचा पुडा उघडून दाखविण्याची वेळ स्वतःवर आणू नये. तो घरीच ठेवा. परत आल्यावर मैत्रिणी तपशील ऐकायला जाग्या असतीलच. खाण्याचे म्हणाल तर तेथे एका घासाचे पदार्थ फिरविले जातात. त्याला जेवण समजू नका आणि शाकाहारी असाल तर निमंत्रणाच्या स्वीकृतीबरोबरच तसे कळवा.

मूळ निमंत्रणपत्रिका आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र यांविना दारातून परतावे लागेल, तेव्हा दोन्ही आदल्या रात्रीच पर्समध्ये टाका. आत फोन बंद ठेवायचा असल्याने तिकीट फोनवर असेल तर त्याची कागदी प्रतही जवळ असू द्या. किंग्ज क्रॉसहून लीड्सला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. शेवटची गाडी किती वाजता आहे ते आजच पाहून ठेवा, आणि ती गाठणे अवघड दिसत असेल तर लंडनमधल्या कोणा ओळखीच्यांकडे रात्रीची सोय करा.