ती बाहुली नुसती बसून असते

प्रश्न : ताई, परवा रात्री घरच्या टीव्हीवर आम्ही नवराबायकोने ‘अ‍ॅनाबेल : क्रिएशन’ हा बाहुलीचा भयपट पाहिला. बाहुली पडद्यावर असते तेव्हा ती फारसं काही करतच नाही. तरी संपल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायची हिंमत होईना. वयाच्या चाळिशीत असं का व्हावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाहुली काही करत नाही, कारण ते काम दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग यांनी तुमच्यावर सोपवलंय. ती बसलेली दिसते. कॅमेरा मुलीच्या चेहऱ्यावर जातो आणि परत बाहुलीकडे येतो. मधल्या दोन-तीन सेकंदांत तुम्ही मनातल्या मनात तिची मान वळवून मोकळे झालेले असता. परत पाहावं तर ती जशीच्या तशी! सुटलो असं वाटायला हवं, पण तसं वाटत नाही. उलट ती मुद्दाम हलली नाही असं वाटतं. एर्न्स्ट येंट्श या जर्मन मानसतज्ज्ञाने 1906 साली हेच मांडलं होतं : निर्जीव दिसणारी वस्तू खरंच निर्जीव आहे ना, ही शंका मिटत नाही तोवर माणूस बेचैन राहतो. शंका मिटली, की उरते ती साधी भीती, आणि तिच्यापासून पळता येतं.

आता तुमच्या पाण्याच्या तांब्याचं. माझी नोकरीची सगळी वर्षं चित्रपटांच्या साउंड मिक्सिंगमध्ये गेली, त्यामुळे भयपट मी आधी कानांनी पाहते. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते. शूटिंगच्या जागी सगळ्यांना गप्प उभं करून आम्ही ती रेकॉर्ड करतो, तिला रूम टोन म्हणतात. भीतीचा प्रसंग जवळ आला, की या शांततेतली एकेक गोष्ट काढून घ्यायची : आधी रातकिडे, मग वारा, मग लांबची कुजबुज. प्रेक्षकाला काय कमी झालं ते कळत नाही, पण कान टवकारले जातात. अशा टवकारलेल्या कानाला लाकडाची एक करकर पुरते. पावणेदोन तास तुमच्या कानांना ही सवय लागली आणि चित्रपट संपल्या संपल्या तुम्ही स्वतःच्या घरात आलात. फ्रीज, नळ, जिना, शेजारचं दार हे सगळं रोजचंच होतं. त्या रात्री पहिल्यांदा ते ऐकू आलं, एवढंच.

या चित्रपटातली घंटा आठवते का? मिसेस मलिन्स अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि नवऱ्याला बोलवायला हातातली छोटी घंटा वाजवतात. बाई दिसायच्या आधीच त्यांच्या घंटेने घर व्यापलेलं असतं. पुढे त्या दिसतात तेव्हा अर्ध्या चेहऱ्यावर बाहुलीसारखा मुखवटा असतो. म्हणजे घरातली बाहुली माणसासारखी आणि माणूस बाहुलीसारखा! इतकं नेमकं सुचलेलं पाहिलं, की मला मनापासून आनंद होतो.

पण माझ्या लेखी चित्रपटाचा प्राण जॅनिसमध्ये आहे. सुरुवात 1943 सालची : बाहुल्या बनवणाऱ्या मलिन्स यांची लहानगी मुलगी अपघातात जाते. बारा वर्षांनी ते आपलं घर काही अनाथ मुली आणि त्यांच्यासोबतच्या सिस्टर शार्लट यांना राहायला देतात. त्या मुलींतली जॅनिस पोलिओतून उठलेली, पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा. साल 1955 धरलं, तर जोनास साल्क यांची लस त्याच वर्षी अमेरिकेत मंजूर झाली. या पोरीला ती उशिराच म्हणायची. बाकीच्या मुली अंगणात हुंदडतात आणि ही खिडकीत. आपल्याकडेही कॅलिपर लावलेलं एखादं मूल वर्गात असायचंच. माझ्या पिढीला ते वेगळं सांगायला नको. जिन्याच्या कडेने वर-खाली जाणारी विजेची खुर्ची जॅनिसला मिळते आणि दिग्दर्शक त्या खुर्चीचाच सापळा करतो. मागे काहीतरी आहे, पट्टा सुटत नाही, आणि खुर्ची तिच्याच गतीने, जराही घाई न करता सरकते. बटण दाबल्यापासून पोचेपर्यंतचा सगळा वेळ आपल्याला तिच्यासोबत काढावा लागतो. पळू न शकणाऱ्या मुलीची भीती दाखवायला आरडाओरडा लागत नाही. मोटरची एकसुरी घरघर तेवढी लागते.

सँडबर्ग यांना हे कुठून जमलं, तर घरातूनच. 2013 साली स्वीडनमध्ये त्यांनी पत्नी लोटा लोस्टेन यांना घेऊन ‘लाइट्स आउट’ हा तीन मिनिटांच्या आतला लघुपट केला. त्यात एक बाई, एक पॅसेज आणि दिव्याचं बटण याखेरीज फारसं काही नाही. पुढे त्यावरूनच त्यांना मोठा चित्रपट मिळाला.

प्रश्न : ही बाहुली अमेरिकेत खरोखर आहे असं मुलगा सांगतो. मग चित्रपटातलं घडलेलं आहे का?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : बाहुली आहे, आजी. चित्रपटातली गोष्ट मात्र रचलेली आहे. मलिन्स कुटुंब, ते घर, त्या अनाथ मुली, सगळं पटकथाकार गॅरी डॉबरमन यांच्या लेखणीतलं.

खरी बाहुली पाहिलीत तर तुम्ही तिला मांडीवर घ्याल. ती ‘रॅगेडी अ‍ॅन’ प्रकारची आहे : कापडाची, लाल लोकरीच्या केसांची, त्रिकोणी नाकाची. हा नमुना जॉनी ग्रूएल या चित्रकाराने काढला आणि 1915 साली त्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या मुली या बाहुल्यांशी खेळल्या. त्यांतल्या एकीत दुष्ट शक्ती आहे, असं एड आणि लॉरेन वॉरेन हे भुताखेतांचा शोध घेणारं दांपत्य सांगत असे. कनेटिकट राज्यातल्या मन्रो इथे, आपल्या संग्रहात, त्यांनी ती काचेच्या पेटीत ठेवली होती. त्यांच्या सांगण्यापलीकडे त्याला पुरावा नाही आणि माझा त्यावर विश्वास नाही. 2013 च्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये ती पडद्यावर आली ती गोड कापडी रूप टाकून, टणक चेहरा आणि रोखलेले डोळे घेऊन. कापडी बाहुली दाबली की दबते, तिच्यात मायाच वाटते. टणक चेहऱ्यावर एकच भाव कायमचा थिजलेला असतो, आणि तो हसरा असला तर अधिकच वाईट.

प्रश्न : लहानपणी ‘झपाटलेला’ बघून आम्ही भावंडं पलंगाखाली वाकून बघायचो. आता लावला तर हसू येतं. तात्या विंचू आमच्यासाठी संपला का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. तात्या वेगळ्या जातीचा आहे. महेश कोठारे यांचा हा चित्रपट 1993 चा, आणि त्याचं मूळ 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटात आहे : मरता मरता गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतो. एकदा शिरला की तो बोलतो, चालतो, हुकूम सोडतो. बाहुला जिवंत आहे की नाही ही शंका आपल्याला राहत नाही. ती राहते गोष्टीतल्या इतरांना, आणि लक्ष्या जीव तोडून सांगतो तरी कुणाला पटत नाही. त्यातून हसू फुटतं. लहान मुलाची अवस्था नेमकी लक्ष्यासारखी असते. खरं सांगूनही मोठी माणसं ऐकत नाहीत. म्हणून तेव्हा तुम्ही घाबरलात.

आणि बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांचं नाव घेतल्याशिवाय तात्याबद्दल बोलूच नये. वडील यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला त्यांनी घराघरांत नेलं आणि तात्याच्या बाहुल्यात प्राण ओतला तोही त्यांनीच. दिलीप प्रभावळकरांचा तात्या आणि पाध्यांचे हात, या दोन्हींची गाठ पडली म्हणून तो बाहुला आजही ओळखीचा वाटतो.

प्रश्न : मोठ्या भावंडांसोबत माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ‘अ‍ॅनाबेल’ अर्धा पाहिला. आता आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली ती खोलीत ठेवू देत नाही. काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर : बाहुली आज खोलीबाहेर ठेवा, वाद घालू नका. ‘त्यात काय घाबरायचं?’ हे वाक्य तर अजिबात नको. तिची भीती खरी आहे. अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या मुलांना हा चित्रपट मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाहता येत नाही, आणि ही तर आठ वर्षांची आहे. मोठ्या भावंडांशी मात्र त्याबद्दल नीट बोला.

मग एखाद्या दुपारी, भरपूर उजेडात, आजीला सुई-दोरा घेऊन बसवा. जुन्या साडीचा तुकडा, आत कापूस नाहीतर चिंध्या, डोळ्यांना काळा दोरा. मुलीला स्वतःच्या हाताने डोळा शिवू द्या. वाकडा झाला तर वाकडाच राहू द्या. डोळा कुठून आला हे बोटांना ठाऊक झालं, की डोळ्यांना समजावणं सोपं जातं. जुनी बाहुली परत कधी आणायची ते तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : या प्रकारातला एकच चित्रपट सुचवायचा तर?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ‘डेड ऑफ नाइट’, 1945, लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा. कृष्णधवल आहे म्हणून टाळू नका. त्यात पाहुणे एकेक करून आपापला अनुभव सांगतात. शेवटचा अनुभव शब्दभ्रमकाराचा, अल्बेर्तो काव्हाल्कांती यांनी दिग्दर्शित केलेला. मायकेल रेडग्रेव्ह हा त्यातला कलाकार आणि ह्यूगो त्याचा बोलका बाहुला. दोघांत मालक कोण, हा झगडा आहे. ह्यूगो बोलत असताना बाहुल्याकडे सगळेच बघतात. तुम्ही रेडग्रेव्हच्या डोळ्यांकडे बघा. बाहुल्याला जिवंत करायचं काम तिथे चाललंय. शक्यतो हेडफोन लावून बघा, आणि सलग बघा.