आधी झोप, मग प्रार्थना

प्रश्न : उपासना, प्रार्थना, मंडळीची (चर्चची) कामं सगळं करते, तरी मन थकलेलंच. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा क्रम. बायबलमधला संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून भाकर-पाणी दिलं, मध्ये झोपू दिलं (१ राजे १९). स्नायूंची झीज सरावानंतरच्या विश्रांतीतच भरून येते. ती चुकवणारा धावपटू जास्त पळूनही मंदावतो. म्हणून आधी झोप पुरी करा. आठवड्यातून एक दिवस मंडळीच्या कामालाही सुट्टी. रोज दहा मिनिटं मत्तय ११:२८–३० (थकलेल्यांना विसावा द्यायला येशू बोलावतो ती वचनं) सावकाश वाचा, मागणं काही नको. रविवार विसाव्याचा दिवस म्हणून पाळणारा ख्रिस्ती धावपटू एरिक लिडेल याने १९२४च्या ऑलिंपिकमध्ये रविवारच्या फेरीमुळे १०० मीटरची शर्यत सोडली, ४०० मीटरची जिंकली. (विसाव्याने पदक मिळतं, असा अर्थ मात्र काढू नका!) महिनाभरात फरक नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा.