साठच्या दशकातलं रोलेक्स सबमरीनर घेताना आधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की जुन्या डायव्हिंग घड्याळांचा संग्रह सुरू करायचाय, तर पहिलं सबमरीनर घेताना सगळ्यात आधी काय बघावं. डायल. मशीन दुरुस्त होतं, काच बदलता येते, पण मूळ डायल गेली की घड्याळातला जीवच गेला.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझं पहिलं सबमरीनर ५५१३ क्रमांकाचं मॉडेल, १९६६ सालचं. काळ्या डायलवर सोनेरी अक्षरं, तासांच्या ठिपक्यांवरचा अंधारात चमकणारा लेप लोण्यासारखा पिवळसर. बघताक्षणी भाळलो. रात्री दिवा मालवून अतिनील टॉर्च मारला, बंद केला, तरी ठिपके बराच वेळ हिरवे चमकत राहिले. पोटात गोळाच आला. त्या काळच्या लेपात किरणोत्सारी ट्रिटियम असायचं (डायलच्या तळाशी 'स्विस टी<२५' लिहिलेलं असतं ते त्याच्यामुळेच) आणि त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं. म्हणजे आज त्यातलं जेमतेम तीन टक्के उरलेलं. असा लेप टॉर्चखाली उजळतो आणि टॉर्च हटताच विझल्यासारखा होतो. माझ्या घड्याळावर कुणीतरी नवा लेप रंगवून जुना भासवला होता.

त्याआधीच्या, पन्नासच्या दशकातल्या घड्याळांत रेडियम असतं. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. चमक गेली ती सोबतच्या चमकणाऱ्या झिंक सल्फाइडची, रेडियम आहे तिथेच आहे. अशी डायल घरी उघडून खरवडू नका, ती धूळ अंगात जाणं वाईट.

डायलनंतर केस, म्हणजे घड्याळाचा धातूचा सांगाडा. पट्टा काढून दाखवायला सांगा: बाराच्या बाजूला कानांमध्ये (पट्टा जोडतात त्या टोकांमध्ये) रेफरन्स, म्हणजे मॉडेलचा क्रमांक आणि सहाच्या बाजूला सीरियल कोरलेला असतो. पट्टा काढायला कुरकुर करणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही. कान बारीक आणि गुळगुळीत झालेले दिसले तर पॉलिश मारून मारून धातू उडवलाय. ओरखडे परवडले.

आणि सुरुवातीलाच दुर्मिळाच्या मागे लागू नका. ब्रिटिश सैन्याच्या सत्तरच्या दशकातल्या ५५१७ सबमरीनरचंच उदाहरण घ्या: पट्ट्याच्या काड्या केसला कायमच्या जोडलेल्या, डायलवर वर्तुळात टी. इतक्या सोप्या खुणा असल्यावर नकला होणारच. फ्रेंच नौदलाच्या डायव्हर सैनिकांच्या मागणीतून १९५३ साली आलेलं ब्लांपाँचं फिफ्टी फॅदम्सही नवख्याचं काम नव्हे. त्यापेक्षा १९६७ पासूनचं डॉक्सा सब ३०० बघा, नारिंगी डायलचं. मला विचाराल तर सबमरीनरपेक्षा देखणं.

राहिलं पाणी. माझ्या ५५१३ वर २०० मीटर छापलंय, आणि हात धुताना मी ते काढून ठेवतो.